कातकरी वाडीवरचं कुटुंब, कोर्टाची केस आणि व्यसनमुक्ती : समन्वय कसा बसवायचा?

कुंडलिकाकाठ (रोहा)

नमस्कार. रोहा आणि सुधागड तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांसाठी एक कार्यक्रम उभा राहतोय आणि समन्वयाचं काम माझ्याकडे आहे. आई, बाप किंवा दोघंही दारूच्या पूर्ण आहारी गेलेत, मुलं बालगृहात किंवा आजीकडे आहेत आणि प्रकरण बाल कल्याण समितीकडे किंवा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे, अशी कुटुंबं. सध्या नऊ आहेत. उपचार एकीकडे आणि केस दुसरीकडे असं न होता दोन्ही एका धाग्यात राहावं, आणि मूल सुरक्षितपणे घरी परतावं, एवढाच हेतू आहे. अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या कोर्टांत असे कार्यक्रम चालतात, कल्पना तिथूनच घेतली आहे.

अडतंय ते असं. कायद्याने कोर्ट कुठवर जाऊ शकतं? सुनावणी किती दिवसांनी मागावी? माणूस पुन्हा प्यायला तर कोर्टाला काय आणि किती सांगायचं? आणि दिवाळीनंतर अख्खी वाडी वीट-कोळशाच्या भट्टीवर कामाला गेली की पुढे काय करायचं? अनुभवी लोकांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

---

पेणची_वकील

आधी ‘जमातीचं कोर्ट’ या नावाचा घोळ मिटवू या. अमेरिकेत जमातींना स्वतःची न्यायव्यवस्था आहे. शिवाय तिथे १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायदा आहे. जमातीचं मूल घरापासून तोडण्याआधी कुटुंब एकत्र राहावं म्हणून यंत्रणेने प्रत्यक्ष धडपड केल्याचं कोर्टाला दाखवावं लागतं. ‘माहितीपत्रक दिलं, केंद्राचा पत्ता दिला’ एवढ्यावर तिथे भागत नाही. हे तत्त्व जरूर घ्या. अधिकार मात्र तिथले तिथेच राहतात. रायगड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात नाही. पालघर-ठाण्याच्या अनुसूचित गावांत पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) ग्रामसभेला दारूबाबत जे अधिकार आहेत ते तुमच्या वाड्यांना लागू नाहीत, तेव्हा तिकडचे ठराव जसेच्या तसे उचलू नका.

तुमच्याकडे कुटुंबं तीन दारांतून येतील. बाल कल्याण समिती, म्हणजे बाल न्याय कायदा २०१५. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ किंवा पोटगीचा अर्ज (पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४). आणि मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालय. कुटुंब न्यायालयाचा १९८४ चा कायदा दहा लाखांवरच्या शहरांना बंधनकारक आहे, बाकी ठिकाणी सरकारला गरज वाटेल तिथे. कुटुंब कोणत्या दारातून आलं ते फाइलच्या पहिल्या पानावरच लिहा, कारण कोण काय आदेश देऊ शकतं ते त्यावर ठरतं.

घटस्फोटाचा विषय निघाला तर एक गोष्ट हमखास चुकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे तो कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. रूढी चालते, काडीमोड पंचांसमोर होते. पंचांना जरूर बरोबर घ्या. पण त्यांनी दारू पिणाऱ्याला दंड ठोकला किंवा वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आडवा येईल, आणि तो येणं योग्यच आहे. त्यांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

कोर्टाकडे ‘याला तीस दिवस केंद्रात ठेवा’ असा अर्ज करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाशी निगडित आजारांनाही लागू आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीने दाखल होतो. निर्णय घेण्याची क्षमता खरोखरच नसेल तर कलम ८९ खाली ठरलेल्या निकषांवर तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं, आणि ते डॉक्टर ठरवतात, कोर्टाचा बेलीफ नाही. तसंच ‘दारू सोडली’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेणं थांबवा. त्या कागदाने कोणाची दारू सुटत नाही. महिन्याभराने तोच कागद आईबापांविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येतो.

समितीचं घड्याळ ध्यानात ठेवा. मूल हजर केल्यावर सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. चार महिन्यांत दारू पक्की सुटल्याचं कोणीच लिहून देऊ शकत नाही. म्हणून ‘पूर्ण बरे झाल्यावर मूल देऊ’ असं मागू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ३७ मध्ये बाल कल्याण अधिकारी किंवा नेमलेल्या समाजकार्यकर्त्याच्या देखरेखीखाली मूल घरी देण्याची सोय आहे, ती मागा. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्यातच कलम ३ मध्ये लिहिलंय. आजी सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेचा किंवा मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाचा (महिना ४,००० रुपये) अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. मंजुरीला वेळ लागतो आणि तोवर आजीच्या चुलीवर काय आहे, त्यावरच मूल तिथे टिकतं की नाही ते ठरतं.

मोफत वकील प्रत्येक पालकाला वेगळा. अनुसूचित जमातीला, तसंच कोणत्याही स्त्रीला आणि मुलाला, उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला मागून कोणी परत पाठवलं तर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्या, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ते पुरेसं धरता येतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

---

परिचारिका_माणगाव

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याच्याही आधी एक धोका सांगते. ‘उद्यापासून बंद’ असा दम भरला की ज्याचं शरीर दारूवर चालतं असा माणूस वाडीवरच मरू शकतो.

शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम, उलट्या, झोप नाही. फिट आली तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप, माणूस ओळखेनासा होतो. वाडीवर याला बाधा समजतात आणि भगताकडे नेतात. भगताचा अपमान करू नका. त्यालाच ही तीन लक्षणं शिकवा आणि ‘आधी १०८, मग बाकीचं’ एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

म्हणून कोर्टाची पहिली तारीख ‘सोडल्याची’ नसावी, ‘तपासणी झाल्याची’ असावी. त्याआधी हे विचारा. सकाळी उठल्याबरोबर लागते का? पूर्वी सोडताना फिट आली होती का? कावीळ, रक्ताची उलटी? बाई असेल तर दिवस गेलेत का? डोक्याला मार लागलाय का? दोन आठवड्यांवर खोकला आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर घरी सोडवायचा प्रयत्न नको, रुग्णालयातच. बाकीच्यांचं उतरत्या मात्रेच्या गोळ्यांवर साधारण आठवड्याभरात होतं, पण गोळ्या डॉक्टरांच्या, आणि रोज कोणीतरी बघायला हवं. त्या गोळ्या आठवड्याच्या एकदम हातात देऊ नका, त्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. उपाशी, वाळलेल्या माणसाला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन दिलं पाहिजे, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून थेट सलाइन चढवतात, तेव्हा चिठ्ठीवर दारूचा इतिहास ठळक लिहून पाठवा.

खोकल्याचं का विचारायचं? क्षयाची औषधं आणि दारू, दोन्ही यकृतावर येतात. शिवाय दारूबरोबर त्रास होणारी डायसल्फिरामची गोळी क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाबरोबर दिली तर माणूस भ्रमिष्टासारखा होऊ शकतो. आणि डायसल्फिराम चहातून, भाकरीतून गुपचूप देणं हा जिवाशी खेळ आहे. बायका काकुळतीने मागतात, तरी द्यायची नाही. शेवटच्या गोळीनंतरही जवळपास दोन आठवडे त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो. ‘व्यसन सोडवणारी पावडर’ म्हणून बाजारात मिळतं त्यालाही हेच लागू, आत काय आहे तेच माहीत नसतं.

हातभट्टी प्यायल्यावर डोळ्यांपुढे धुकं आलं, दिसेनासं झालं, तर नशा उतरायची वाट बघू नका, लगेच रुग्णालय. ती मिथेनॉलची विषबाधा असू शकते.

चाचणीबद्दल. श्वासाच्या यंत्राआधी १५ मिनिटं तोंडात काही नको, तंबाखू-मशेरीसुद्धा नाही, चूळ भरून थांबवा. यंत्र कंपनीने सांगितलेल्या मुदतीत जुळवून घेतलं नसेल तर आकडा लिहूच नका. श्वासात काही तासांपूर्वीचीच दारू कळते. काल दुपारी प्यायलेला आज सकाळी ‘शून्य’ येईल. त्यामुळे यंत्रापेक्षा ठरलेल्या दिवशी माणूस आला का, झोप कशी, जेवण कसं, हे जास्त बोलकं. मशेरी सोडण्याची अट याच वेळी घालू नका, ते नंतर.

---

माळावरची_ताई (सुधागड)

दर आठवड्याला सुनावणी असा आराखडा बाहेरच्या कार्यक्रमांत असतो. इथे तसं मागाल तर पहिल्या महिन्यातच माणसं तुटतील. जांभूळपाड्याच्या पुढच्या वाडीवरून अलिबागला जायचं म्हणजे अख्खा दिवस, मजुरी बुडाली, एसटीचं भाडं, आणि नाव पुकारतात चारला. परतीची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर, आणि स्टँडबाहेर काय विकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याऐवजी असं करा. आठवड्याची भेट वाडीवर किंवा अंगणवाडीत, पंधरवड्याची तालुक्याला, आणि समितीसमोर महिन्यातून एकदाच. त्या एका दिवशी तुमच्या सगळ्या कुटुंबांची प्रकरणं सलग लावून घ्यायची विनंती आधीच लेखी द्या. प्रवासभाडं हातावर त्याच दिवशी. तारीख सांगताना ‘१४ तारीख’ म्हणू नका, ‘पालीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणा. जुलैत लावणीचे आठवडे पूर्ण मोकळे सोडा, वर्षातली तेवढीच खात्रीची मजुरी असते. आणि बांधावर मजुरीबरोबर दारू द्यायची पद्धत जिथे आहे तिथे शेतमालकाला आधी भेटून ‘यांना पैसेच द्या’ म्हणून सांगा. बरेच जण ऐकतात.

खरं तर सगळा कार्यक्रम पंचांगावर बसवायला हवा, वकीलताईंनी सांगितलेले चार महिनेसुद्धा त्यातच बसतात. कातकरी कुटुंब वाडीवर सापडतं ते जूनपासून दसरा-दिवाळीपर्यंत. तेव्हा नवी कुटुंबं जूनमध्ये घ्या. जून ते मध्य जुलै शरीर सावरणं, ऑगस्टपर्यंत पंधरवड्याच्या भेटी, सप्टेंबरमध्ये मुलाच्या घरी राहण्याच्या चाचण्या, आधी एक रात्र मग तीन, आणि दसऱ्याच्या सुमारास समितीपुढे देखरेखीखाली ताबा मागणं. जे कुटुंब जानेवारीत तुमच्याकडे आलं त्याला मध्यंतरात काय देता येईल ते द्या, पण त्याच्याकडून या वेगाची अपेक्षा धरू नका.

धोक्याचे दिवस आधीच मांडून ठेवा. गौरीगणपती, पितरं, शिमगा, लग्नाची हळद, आणि सगळ्यांत मोठा, मुकादमाकडून उचल मिळते तो दिवस. हातात एकदम हजारो रुपये येतात आणि सहा महिन्यांचं श्रम आधीच विकलेलं असतं. त्या आठवड्यात भेटी दुप्पट करा आणि जमल्यास उचलीतला भाग बायकोच्या खात्यात जाईल असं मुकादमाशी बोला. पितरांना दारूची धार देण्याच्या रिवाजाबाबत ‘बंद करा’ म्हणू नका. कोण देईल ते घरातल्या म्हाताऱ्यांना ठरवू द्या. सोडलेल्या माणसाच्या हातात बाटली यायला नको, एवढंच त्यांच्यापुढे मांडा. मार्ग ते काढतात.

भाषेचंही लिहिते. कातकरी बोली वेगळी आहे. कोर्टात ‘समजलं का?’ विचारलं की माणूस मान डोलावतो, आणि नोंद होते ‘अटी समजावून दिल्या’. वाडीवरची एखादी शिकलेली पोरगी विधी स्वयंसेवक म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रशिक्षित करून घ्या. अट त्याच्या बोलीत सांगायची आणि त्यालाच उलट सांगायला लावायची.

---

कुंडलिकाकाठ (रोहा)

तिघींचेही मनापासून आभार. जूनचा मुद्दा तर आमच्या डोक्यातच नव्हता, आम्ही एप्रिलपासून सुरू करणार होतो. दोन शंका राहिल्या. कोर्टाला जाणाऱ्या अहवालात नक्की काय असावं? आणि एका कुटुंबात आईच हातभट्टी लावते, घर त्यावरच चालतं. तिथे कसं जायचं?

---

पेणची_वकील

अहवाल एका पानाचा, आणि तो सुनावणीआधी पालकाला वाचून दाखवलेला. त्यात एवढंच: ठरलेल्या भेटी किती आणि आला किती, औषध चालू आहे का, मुलाला किती वेळा भेटला, घरात मुलासाठी दुसरं जबाबदार माणूस कोण, पुढच्या पंधरवड्यात यंत्रणेने काय करायचं आहे. हा शेवटचा रकाना सक्तीचा ठेवा. रेशनकार्ड, दाखला, डॉक्टरची तारीख तुमच्याकडून राहिली असेल तर तेही त्याच कागदावर दिसलं पाहिजे. समुपदेशनात बोललेलं एक अक्षरही त्यात नको, आणि काय कळवणार, काय कळवणार नाही याचं संमतीपत्रक पहिल्या दिवशीच करा.

चाचणीचे आकडे कोर्टाच्या फाइलला लावू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ खाली विनापरवाना पिणं हाच गुन्हा आहे. तुमचा श्वासचाचणीचा तक्ता फाइलमध्ये गेला की माणसाने उपचारासाठी दिलेली कबुली त्याच्यावरच उलटू शकते. ‘घसरण झाली, त्याच दिवशी कळवली, उपचारात असा बदल केला’ असं वाक्य पुरतं. मुलाला धोका निर्माण झाला असेल तर ते मात्र लपवायचं नाही, त्याच दिवशी समितीला. हा अपवादही संमतीपत्रात स्पष्ट हवा.

घसरला म्हणून मुलाची भेट बंद, ही शिक्षा कधीही मागू नका. भेट हा मुलाचा हक्क आहे. माणूस नशेत आला तर त्या दिवशीची भेट दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याच्या समक्ष ठेवा. आणि घरात मारहाण असेल तर नवराबायकोला एकत्र बसवण्याआधी बाईशी स्वतंत्र बोला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी एकेकट्याचं समुपदेशनही सांगू शकतात. दारू सुटली की मारहाण आपोआप थांबते हे गृहीत धरून अर्ज मागे घ्यायला लावू नका.

भट्टी लावणाऱ्या आईबाबत: तिच्या प्रकरणात ‘दारू पिणं’ आणि ‘दारू विकणं’ वेगळे रकाने करा. छाप्याची धमकी समन्वयकाच्या तोंडून कधी येऊ नये, ती आली की त्या वाडीवर तुमचं काम संपलं.

---

परिचारिका_माणगाव

त्या बाईला बाहेर पाठवण्याआधी विचार करा. बायकांना दाखल करून घेणारी केंद्रं थोडी, अंगावरचं पोर बरोबर घेऊ देणारी त्याहून थोडी. रुग्णालयात शरीर सावरण्यापुरतं दाखल, आणि पुढे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण दिवशी, हे जास्त टिकतं. भट्टी घराच्या पडवीत असेल तर तिचा नुसता वासही तिला पुन्हा ओढतो. ती किमान पहिले सहा आठवडे बहिणीकडे किंवा दुसऱ्या खोपटात झोपेल अशी सोय बघा.

मुलाची प्रगती मोजायला अंगणवाडीची दंडाची पट्टी वापरा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. महिन्याला एक आकडा अहवालात घाला. आईचा महिना कसा गेला ते तो आकडा पुष्कळ सांगतो, आणि तो वाढला की तिलाही दाखवा.

---

माळावरची_ताई (सुधागड)

तिचं घर आठवड्याला भट्टीवर किती चालतं ते तिच्याबरोबर बसून मांडा: नवसागर, गूळ, लाकडं, हप्ते आणि उधारी वजा करून हातात काय उरतं. बहुतेकदा धाक जास्त आणि शिल्लक कमी निघते. तेवढी रक्कम खेकडे, सुकी मासळी, रानभाजी यांची विक्री आणि रोजगार हमीची कामं यांतून किती भरते ते बघूनच तिला तारीख विचारा. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातल्या योजनांचा अर्ज तुम्ही तिच्याबरोबर जाऊन भरायचा, तिला एकटीला पाठवायचं नाही.

भट्टीच्या हंगामासाठी, म्हणजे वीट-कोळशाच्या, दिवाळीआधी एका कागदावर एवढं घ्या: मुकादमाचं नाव आणि फोन, भट्टीचं गाव आणि तालुका, बरोबर जाणाऱ्या नातेवाइकांपैकी एकाचा फोन, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, औषध किती दिवसांचं दिलं. मूल बरोबर जाणार की आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात राहणार, हे समितीच्या आदेशातच लिहून घ्या. नाहीतर जानेवारीच्या भेटीत घर बंद दिसतं आणि ‘पालक फरार’ अशी नोंद होते. मूल दुसऱ्या जिल्ह्यात जात असेल तर तिथल्या बाल संरक्षण कक्षाला पत्र, प्रत कुटुंबाकडे. खर्चीच्या (भट्टीवर खर्चाला पैसे मिळतात त्या) दिवशी संध्याकाळी फोन करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. एकट्या माणसाला १४४४६ चा व्यसनमुक्ती क्रमांकही त्याच्या फोनमध्ये त्याच्यासमोर टाकून द्या.

आणि उचल फेडायच्या नावाखाली भट्टीवरून येऊ देत नसतील, किंवा मजुरी म्हणून बाटली देत असतील, तर तो वेठबिगारीचा मामला होऊ शकतो. १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे लेखी तक्रार करा. माणसाला सोडवून आणल्यावर तो कार्यक्रमातून ‘गळाला’ असं लिहू नका. जिथे थांबला होता तिथूनच पुढे धरा.

नऊ कुटुंबांना एक समन्वयक ठीक आहे. बाराच्या पुढे गेलात तर दुसरं माणूस मागा, मोटरसायकल आणि पेट्रोलसकट.